ढाळवाले काका

कोल्हापूरच्या दक्षिणेला पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, आर. के. नगर अशी जी नवी वस्ती पसरली आहे, तिथे मुहूर्त असला की कुठे ना कुठे वास्तुशांत असतेच. पाहुणे घर बघत फिरतात. कुणी देवघराच्या संगमरवरावरून हात फिरवतं, कुणी ओट्याखालचे ड्रॉवर ओढून बघतं, कुणी जिन्याच्या रेलिंगचा भाव विचारतं. एक गृहस्थ मात्र पानं मांडायच्या आत बाथरूममध्ये शिरतात. आतून पाणी ओतल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा पाणी. बाहेर येतात तेव्हा पँट घोट्याच्या वर दुमडलेली असते आणि हातात मग तसाच असतो. यजमानाला बाजूला घेऊन ते हळूच सांगतात, "घर एक नंबर झालंय. पण कमोडच्या मागं पाणी थांबायलंय. ढाळ उलटा आलाय."

त्या यजमानाला जेवण गोड लागत नाही. पुढची वीस वर्षं तो कमोडच्या मागेच बघत राहतो.

हे ढाळवाले काका. नाव प्रत्येक कॉलनीत वेगळं, माणूस तोच. हा जिल्हा परिषदेतून, एस. टी.तून, सहकारी बँकेतून किंवा साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेला असतो. सिव्हिल इंजिनियर सहसा नसतो. खरा इंजिनियर निवृत्तीनंतर पाईपकडे ढुंकून बघत नाही. काकांच्या खिशात मोजायचा टेप, पेन्सिलीचा तुकडा आणि काचेची गोटी असते. गोटी नातवाची नव्हे. नव्या फरशीवर ती सोडायची आणि जाळीच्या दिशेने निघाली की गवंड्याला चहा सांगायचा. भलतीकडे निघाली, तर गवंड्याने चहा घेतलेला असला तरी फरशी उकरायला लावायची.

त्यांचं लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलेलं असतं. सात बिऱ्हाडांना एक मोरी, आणि त्या मोरीला फक्त आंघोळ आणि भांडी यांचंच पाणी परवडायचं. मोठं धुणं बाहेर जायचं, पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्यावर. रंकाळ्याजवळ 'धुण्याची चावी' नावाचं ठिकाण आहे. तलावाचं पाणी चावीने बाहेर घ्यायचं आणि तिथे कपडे धुवायचे, म्हणजे साबणाचा फेस तलावात जात नाही, अशी ती जुनी सोय. धुणं घराबाहेर होतं तोवर त्याचं पाणी कुठे जातं हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. मग वॉशिंग मशीन आलं, ते बाथरूममध्ये कमोडला चिकटून उभं राहिलं, आणि निवृत्तीच्या पैशातून घर बांधायची वेळ आली तेव्हा काकूंनी आयुष्यातली एकच मागणी केली: मशीनला स्वतंत्र खोली पाहिजे.

काकूंच्या डोळ्यांसमोर होता एक ओटा, एक नळ, वर टांगायच्या दोन दोऱ्या आणि जिन्याखालची पाच बाय सातची जागा. काकांनी दोनशे पानी वही आणली.

वहीच्या पहिल्या पानावर एकच हिशेब आहे. नळाखाली बादली धुतली तर पाणी सावकाश जातं, आणि साधी मोरीही ते पचवते. मशीन तसं सोडत नाही. त्यात पंप असतो आणि तो ड्रममधलं सगळं पाणी एका दमात बाहेर फेकतो. तेवढा लोंढा बेसिनच्या सव्वा इंची पाईपला झेपत नाही. पाणी मागे फिरून जाळीतून वर येतं आणि धुऊन झाल्यावर काकूंना खोली धुवावी लागते. म्हणून मशीनसाठी उभा पाईप वेगळा, त्याच्या बुडाला वाकडा ट्रॅप, आणि तिथून पुढे ७५ मिलिमीटरचा पाईप चेंबरपर्यंत. मशीनच्या नळीचं तोंड जमिनीपासून दोन-अडीच फूट वर राहिलं पाहिजे. खाली सोडलं तर मशीन भरता भरताच रिकामं होऊ लागतं. हे सगळं लाल आणि निळ्या शाईत काढलेलं आहे. काकूंचा ओटा पेन्सिलीत आहे.

ढाळाला वहीत स्वतंत्र प्रकरण. सांडपाण्याचा जुना ठोकताळा असा, की चार इंची पाईपला चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. मॅग्वायरचा नियम म्हणून तो इंजिनियरिंगच्या पुस्तकांत असतो. काकांनी तो पाठ केला आहे आणि ते तो रामरक्षेच्या आधी म्हणतात. ढाळ कमी पडला तर पाईपमध्ये गाळ बसतो हे कुणालाही कळतं. ढाळ फार झाला तरी बिघडतं, हे मात्र काकांना सांगावं लागतं. पाणी पुढे पळून जातं आणि कपड्यांचा बारीक धागा, साबणाची साय मागे चिकटून राहते.

"काका, पाणी काय डोंगर चढतंय व्हय?" प्लंबर म्हणतो. "खालीच जाणार की."

"जाणारच. पण कसं जायचं ते पाण्यानं ठरवायचं नाही."

हा प्लंबर वयाने मुलाएवढा, हाताने तरबेज आणि मनाने शांत. काका त्याला 'मिस्त्री' म्हणतात. तो दिवसभराच्या कामासाठी येतो आणि सकाळचा निम्मा वेळ काकांचं ऐकतो. ट्रॅपचा विषय निघाला की काका लंडनला जातात. तिथे अलेक्झांडर कमिंग नावाचा घड्याळजी होता. १७७५ साली त्याने फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं आणि त्याखाली पाईपला वाक दिला, म्हणजे वाकात थोडं पाणी अडून राहील आणि गटारातली घाण हवा वर येणार नाही. आज घराघरात बेसिनखाली, नहाणीत, कमोडमध्ये जे पाणी साठून राहतं, ते त्याच घड्याळजीच्या डोक्यातलं.

"घड्याळजी व्हता म्हणूनच," प्लंबर पाईपला सॉल्व्हंट लावता लावता म्हणतो, "वेळ असणार त्याच्याकडं."

खरी जुंपते ती हवेच्या पाईपवरून. प्लंबरने उभा पाईप, ट्रॅप, आडवा पाईप सगळं मनापासून जोडलेलं असतं. काका येतात, चष्मा कपाळावर घेतात आणि विचारतात, "व्हेंट कुठं आहे?"

"कशाला?"

"हवेला."

"काका, आजपातूर एवढी घरं केली. कुणाच्या धुण्याला हवा लागल्याचं ऐकलं न्हाई."

"धुण्याला नाही रे, पाईपला!"

मग काका तेलाचा पंधरा किलोचा डबा मागवतात. पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुडत, गचके देत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते, कारण तेल बाहेर यायला हवा आत जावी लागते. पाईपचंही तेच. मशीनचा लोंढा पाईप भरून निघाला की मागे हवा विरळ होते आणि तो जाता जाता ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतो. शेवटी 'गुडुप' असा जो आवाज येतो, तो ट्रॅप रिकामा झाल्याचा आवाज. आणि ट्रॅपमध्ये पाणी असतं ते किती? ५० मिलिमीटर, दोन इंच. हवेचा नेहमीचा दाब दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, म्हणजे दाबात दोनशेव्या हिश्शाचा फरक पडला तरी ही भिंत कोसळायला पुरते. घर आणि गटार यांच्यामध्ये एवढंच काय ते असतं. काका दोन बोटं दाखवून हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापतो.

प्लंबर व्हेंट बसवायला तयार होतो. तेल सांडलेली फरशी काकू पुसतात.

माल आणायला काका स्वतः लक्ष्मीपुरीत जातात. दुकानदाराने "सांडपाण्याचा पाईप" म्हणून समोर ठेवलेला पाईप ते उजेडात धरून त्यावरची छापील अक्षरं वाचतात. आय. एस. १३५९२ या मानकात दोन प्रकार आहेत: 'ए' हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी, 'बी' मैल्यासाठी आणि सांडपाण्यासाठी. 'बी'ची भिंत जाड, म्हणून किंमत जास्त. काकांना व्हेंटला 'ए' आणि खाली 'बी' हवा असतो, आणि तोही टप्प्याटप्प्याने मोजून. त्यांच्यामागे तीन प्लंबर यादी घेऊन उभे असतात. साध्या टीऐवजी झाकणाची डोअर टी का घ्यावी, यावर काका त्या तिघांना न विचारता मार्गदर्शन करतात: उद्या धागे अडकले तर झाकण उघडून तार घालता येते, भिंत फोडावी लागत नाही. हे मात्र तिघांनाही पटतं. एकाने तिथेच यादीत दुरुस्ती केल्याचं दुकानदार सांगतो.

व्हेंट गच्चीच्या वर भरपूर उंच गेला, डोक्यावर जाळीची टोपी बसली, आणि आठवड्याभरात शेजारच्यांचा निरोप आला की मोबाईलचा टॉवर उभा करायला कॉलनीची परवानगी लागते. काकांनी शेजाऱ्यांना गच्चीवर नेऊन पाईप हुंगायला लावला. शेजाऱ्यांची खात्री पटली. टॉवर परवडला असता, असं त्यांचं मत झालं.

खोली सुरू झाली. पहिल्या दिवशी मशीन पाणी सोडत असताना काका, काकू, प्लंबर आणि काकूंच्या दोन मैत्रिणी श्वास रोखून उभ्या होत्या. गुडुप झालं नाही. काकांनी ट्रॅपमध्ये पट्टी बुडवून मोजली: ५० मिलिमीटर. महिन्याभराने मशीन बिघडलं. पाणी घेत राहायचं, सोडत राहायचं, धुणं काही पुढे सरकेना. दुरुस्तीवाल्याने पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बदलून पैसे घेतले, तरी तेच. काका पालथे पडून बघतात तर काय, शिंतोडे उडतात म्हणून काकूंनी नळी आणि उभा पाईप यांच्यामधली फट चिकटपट्टीने गच्च बंद केलेली. हवा अडली आणि सायफन सुरू झाला. काकांनी पट्टी सोडवली, मशीन सुधारलं. त्या दिवशी काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मुलाच्या लग्नात दिसला नव्हता, असं काकूंचं म्हणणं.

ढाळवाल्या काकांच्या घरातून सहलीला निघणं अवघड असतं. गणपतीपुळ्याला जायचं म्हणून गाडी सुरू आहे, मुलं आत बसली आहेत, आणि काका बादली घेऊन घरातल्या प्रत्येक जाळीत पाणी ओततायत. वापर नसला की ट्रॅपमधलं पाणी सुकतं, मग वास येतो, झुरळं येतात. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये ते वरून चमचाभर तेलही सोडतात, म्हणजे पाण्याची वाफ लवकर होत नाही. शेंगतेलाचा भाव काकू त्यांना दर खेपेला ऐकवतात. मग काका हाँगकाँग काढतात. २००३ साली सार्सच्या साथीत तिथल्या 'अमोय गार्डन्स' या निवासी संकुलात ३०० हून अधिक लोकांना लागण झाली. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत सुकलेले ट्रॅप हे एक मोठं कारण होतं. बाथरूममधला पंखा लावला की सांडपाण्याच्या पाईपमधली हवा जाळीतून आत ओढली जायची. हे ऐकल्यावर काकू गप्प होतात आणि तेल स्वतः काढून देतात, पण पामतेल.

मुलगा पुण्यात, हिंजवडीजवळ बारा मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर. दर रविवारी सकाळी त्याच्या ड्राय बाल्कनीच्या जाळीतून पांढराशुभ्र फेस उगवतो आणि गुडघाभर चढतो. मुलाने व्हिडिओ कॉल लावला. काकांनी फोन जाळीजवळ न्यायला सांगितला, फेस न्याहाळला आणि निदान केलं: वरच्या सगळ्या मजल्यांची मशिनं रविवारी एकदम चालतात. साबणाचं पाणी उभ्या पाईपमधून आपटत येतं, तळाच्या वळणावर त्याचा फेस होतो आणि तो जायला वाट शोधतो. म्हणून खालच्या मजल्यांचा पाईप त्या उभ्या पाईपला न जोडता वेगळा बाहेर काढायचा असतो. काकांनी हे आकृतीसह सोसायटीच्या अध्यक्षांना कळवलं. तोवर मुलाला तात्पुरता उपाय सांगितला: वरच्या अकरा घरांत जाऊन कमी फेसाची पावडर वापरायची विनंती करायची. आय. टी.तला मुलगा अकरा दारांत पावडरीवर बोलायला गेला नाही. तो रविवारी बाहेर जेवायला जातो.

भाचीसाठी स्थळ बघायला इस्लामपूरला गेले, तेव्हा काकांनी सवयीप्रमाणे बाथरूम विचारली. दहा मिनिटं झाली, येईनात. कुणीतरी बघायला गेलं तर मुलाचे वडील आणि काका दोघे मिळून नहाणीतल्या ट्रॅपची वाटी काढून बसलेले. मुलाच्या वडिलांच्या खिशातही गोटी निघाली. देण्याघेण्याचं बोलणं बाकीच्यांनी उरकलं. हे दोघे तोवर गच्चीवर होते.

पुराच्या वर्षी काकांचा फोन दिवसभर वाजतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नदी चढायला लागली की शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या बाजूला रस्त्यावर पाणी दिसायच्या आधी ते घरातल्या जाळीतून वर येतं, कारण गटाराच्या तोंडाशी नदी उभी असते आणि पाईपातलं पाणी उलटं फिरतं. काकांनी शाहूपुरीतल्या शाळकरी मित्राला चेंबरच्या आधी एकतर्फी व्हॉल्व्ह बसवायला लावला: पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. मित्राच्या घरात पाणी खिडकीतून आलं. "पण जाळीतून एक थेंब आला नाही," हे काका आजही सांगतात, आणि त्या वेळी मित्र दुसरीकडे बघतो.

आता वहीचं शेवटचं पान. त्यावर घराचा पूर्ण नकाशा आहे, प्रत्येक वळणावर अंश लिहिलेले, प्रत्येक पाईपवर ढाळ लिहिलेला. सगळ्या रेषा एकत्र येऊन कंपाउंडपर्यंत जातात. तिथे एक बाण आहे आणि बाणापुढे लिहिलंय: 'पुढे ग्रामपंचायत.'

पुढे म्हणजे रस्त्याकडेची उघडी गटार. महापालिका १९७२ साली झाली, पण शहराची हद्द काही वाढली नाही. आसपासची गावं शहरासारखी वाढली आणि ड्रेनेजची लाईन मात्र हद्दीवर थांबली. काकांचं मोजूनमापून सोडलेलं पाणी गटारीतून ओढ्याला आणि ओढ्यातून जयंती नाल्याला लागतं. नाल्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचं, अशी योजना आहे. त्या केंद्राची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर. उपसा थांबला किंवा पाऊस वाढला की नाला सरळ पंचगंगेत. साबणातला फॉस्फेट नदीत केंदाळाला खत म्हणून उपयोगी पडतो, आणि खाली शिरोळ तालुक्यातले लोक मेलेले मासे घेऊन आंदोलनाला बसतात. काका हे सगळं पेपरात वाचतात, कात्रणं ठेवतात आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना नाकाला रुमाल लावून म्हणतात, "लोकांना अक्कल नाही."

हद्दवाढीवर त्यांचं मत ऋतुमानाप्रमाणे बदलतं. मार्चमध्ये घरफाळ्याचा विचार आला की ते विरोधात असतात. जूनमध्ये गटार तुंबली की बाजूने.

आणि मग एकदाचा रस्ता झाला. जुना उकरलाच नाही, त्याच्यावरच नवा थर. मागच्या निवडणुकीला एक झाला होता, या निवडणुकीला दुसरा. गटारही उंच बांधून काढली. पहिल्या पावसात काका छत्री घेऊन फाटकात आले आणि बघत राहिले. गटारीचा तळ त्यांच्या चेंबरच्या पाईपपेक्षा चार इंच वर गेला होता. चाळीसात एक, साठात एक, गोटी, वही, सगळं जागच्या जागी बरोबर होतं आणि पाणी शांतपणे उलटं येत होतं. धुण्याच्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "अहो, जाळीतनं काहीतरी यायलंय!"

प्लंबर आला. चेंबरचं झाकण उघडून त्याने आत बघितलं, रस्त्याकडे बघितलं, घराकडे बघितलं.

"काका, ढाळ मिळवायचा तर आता एकच. रस्ता खाली जात न्हाई. घर वर घ्यायचं."

"काय बोलतोस?"

"जॅक लावून उचलत्यात की. हरियाणाची माणसं येत्यात, पायाखाली जॅक लावत्यात, रोज थोडं थोडं वर. नंबर हाय माझ्याकडं."

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून टेप काढला, एक टोक प्लंबरच्या हातात दिलं आणि विचारलं, "तीन फूट उचलत्यात, का चार? पुढच्या निवडणुकीचा थर धरून सांग."